‘चढत नाही’ याचं कौतुक थांबवा

सकाळपासून तो व्हिडिओ फिरतोय. १६ वर्षांच्या मुलाचा वाढदिवस, हातात बिअर, आणि भोवतीची मोठी माणसं कौतुकाने म्हणतायत, "तीन झाल्या, तरी चढत नाही!" खाली हसणाऱ्यांची रांग. संताप झाला.

अहो, चढत नाही हाच तर धोका आहे. मोठ्या माणसाला काही पेल्यांनंतर गुंगी येते, तोल जातो, तो थांबतो. वाढत्या वयात हा ब्रेक उशिरा लागतो. मेंदूतल्या आठवणी साठवणाऱ्या भागावर, हिप्पोकॅम्पसवर मात्र दारूचा मार जास्त बसतो. मुलगा नाचतो, बोलतो आणि सकाळी त्याला अर्धी रात्र आठवत नाही. ‘आता पुरे’ असं सांगणारा कपाळामागचा मेंदू तर पंचविशीपर्यंत घडत असतो.

३३० मिलीच्या, ५ टक्क्यांच्या एका बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. तीन म्हणजे ३९. यकृत तासाला जेमतेम ७ ते १० ग्रॅम निपटतं, म्हणजे चार ते साडेपाच तास गेले. शरीर ४५ किलोचं असेल तर तेवढ्याच दारूचं रक्तातलं प्रमाण ७५ किलोच्या माणसापेक्षा बरंच चढतं, मुलींमध्ये आणखी. त्यात पोट रिकामं असेल तर यकृत नवी साखर बनवणं जवळपास थांबवतं. लहान शरीरात साखरेचा साठा आधीच कमी, मग ती झपकन उतरते आणि झटके येऊ शकतात. वाढीचं हार्मोन मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं, दारू तेही दाबते. हाडं भरण्याची वर्षं हीच.

"आमच्यासमोर घेतलेली बरी," असं म्हणणारे येतीलच. निदान पडला तर उचलायला कुणी असतं, एवढं मान्य. पण त्या व्हिडिओतही सगळे समोरच होते ना?

मुलांनो, तुमच्यावर राग नाही. एवढं मात्र पाठ करा. मित्र हलवूनही उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. घरच्यांच्या भीतीने थांबू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. कॉफी नको, थंड पाण्याची आंघोळ नको, बोटं घालून उलटी काढणं नको. झोपून उतरेल असं समजून एकटं सोडू नका, कारण पोटातली दारू शेवटच्या घोटानंतरही रक्तात चढत राहते.