‘खाण्यापिण्यात देवाचं राज्य नाही’ असं लिहिणाऱ्या बंधूंना

बंधू, प्रभूमध्ये सलाम.

नाताळच्या करंज्यांवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यातून गेलेली नाही. तुम्ही लिहिलंत की माझ्या लेखांत स्वयंपाकघरच फार आणि विश्वास तोंडी लावण्यापुरता. करंज्या-चकल्या हा दिवाळीचा फराळ, तो आपल्या सणात कशाला. आणि बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायाची आठवण दिलीत, की देवाचं राज्य खाण्यापिण्यात नाही. शेवटी एक ओळ होती: ‘ज्याच्या घरी नाताळाला कोणी येत नाही, त्याने तुमचे ताटांचे फोटो बघून काय करावं?’

आधी माझी चूक. त्या लेखात सारणाचं प्रमाण खोबऱ्यापासून वेलचीपर्यंत दिलं आणि करंज्या कुणासाठी केल्या ते एका ओळीत उरकलं. तुम्हाला ते पोकळ वाटलं असेल तर रास्तच आहे.

पण तो अध्याय मी पुन्हा काढून वाचला. रोमच्या मंडळीत सगळं खाणारे आणि फक्त भाजीपाला खाणारे एकमेकांना नावं ठेवत होते. पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना सांगतो, तुझ्या अन्नामुळे भावाला दुःख होत असेल तर तू प्रीतीने वागत नाहीस. म्हणजे त्याचं लक्ष ताटापेक्षा शेजारच्या पानावर बसलेल्या माणसाकडे आहे. करिंथच्या मंडळीवर तो रागावतो तेही यासाठीच: प्रभुभोजनाला जमायचं आणि एकाने भरपेट जेवायचं, दुसऱ्याने उपाशी राहायचं.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिलंय. आजोबा नगर जिल्ह्यातून गिरणीत कामाला मुंबईत आले. बाप्तिस्मा झाल्यावर भावकीने त्यांना पंगतीतून उठवलं होतं. भायखळ्याच्या चाळीतही आजीच्या हातचं कुणी घेत नसे. पहिल्या नाताळाला तिने शेजारी ताट पाठवलं, ते वरचा रुमाल न उघडता परत आलं. पुढच्या वर्षी तिने पुन्हा पाठवलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. मग एकदा शेजारच्या काकू बाळंतपणानंतर तापाने पडल्या आणि त्यांच्या घरात चूल पेटेना. आजी पिठलं आणि भाकऱ्या घेऊन गेली, पोरांना समोर बसवून जेवू घातलं, काही बोलली नाही. त्या नाताळाला ताट परत आलं तेव्हा त्यात मूठभर साखर होती. गोष्ट सांगताना आजी साखरेपाशी आली की पदर डोळ्यांना लावायची.

त्या ताटात करंज्याच असायच्या. आमच्या माणसांनी येशूला धरलं तेव्हा हातातलं लाटणं खाली टाकलं नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 साली याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तासाठी अभंग रचले. त्यांची भजनं आपण देवळात पेटी-तबल्यावर गातो, तेव्हा ती परकी वाटत नाहीत. मग करंजी का वाटावी? प्रभूच्या प्रार्थनेतसुद्धा आपण रोजची भाकर मागतो. भाकर! ज्वारी थापणाऱ्या बाईला हा शब्द किती जवळचा वाटला असेल. आणि मागताना ‘माझी’ म्हणत नाही, ‘आमची’ म्हणतो. याईर नावाच्या माणसाची मेलेली मुलगी येशूच्या शब्दाने उठून चालायला लागल्यावर सगळे थक्क होऊन उभे होते. येशू म्हणाला, हिला काहीतरी खायला द्या. मार्कच्या शुभवर्तमानातली ही जागा मला फार जवळची आहे. पोर उपाशी असेल हे त्याच्याच लक्षात आलं.

आजीची पितळी कातण आता माझ्याकडे आहे. तिचा एक दात झिजलाय. त्यामुळे आमच्या करंजीची नक्षी ठरावीक अंतराने तुटते, तिथे काठ सपाट राहतो. मुलगी म्हणते, नवीन घेऊ. मी घेत नाही.

आता तुमची शेवटची ओळ. मी पौलाचं वचन तुम्हाला समजावायला निघाले आणि ते माझ्यावरच आलं. माझ्या ताटाने एका भावाला दुःख झालं. फोटो टाकताना, ज्याच्या दारावर 25 तारखेला थाप पडत नाही, असा कुणी हे पाहत असेल, हे माझ्या मनातच आलं नाही. मला माफ करा.

तुम्ही मुंबईतच राहता, असं तुमच्या आधीच्या एका प्रतिक्रियेवरून वाटलं. तसं असेल तर या रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला या. मला खाजगी निरोप पाठवा, पत्ता कळवते. स्टेशनवर न्यायला माझा मुलगा येईल. जेवण साधंच, वरण-भात आणि बोंबिलाचं कालवण. बोंबील चालत नसतील तर तेही कळवा. डब्यात अजून अठरा करंज्या आहेत.