अमळनेरात बघण्यासारखं आहे काय?

मागच्या आठवड्यात माझ्या मुलीची मैत्रीण घरी आली होती. दोघी बारावीच्या. पुण्यात कुठल्या कॉलेजला फॉर्म भरायचा याची चर्चा रंगली होती. मी कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावत होते, ते बघून तिने विचारलं, "काकू, तुम्ही दर रविवारी हा कॅमेरा घेऊन जाता तरी कुठे? अमळनेरात बघण्यासारखं आहे काय?" पोरगी गुणी आहे, तिने सहज विचारलं. पण हा प्रश्न मी स्टाफरूममध्ये ऐकलाय, लग्नाच्या पंगतीत ऐकलाय, दिवाळीला मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांकडून तर दर वर्षी ऐकते. तेव्हा हसून सोडून दिलं. आज लिहिते. लांबेल, सवडीने वाचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. २०१४ साली पगारातल्या फरकाची रक्कम हातात आली, तेव्हा घरच्यांना विचारून निकॉनचा साधा डीएसएलआर घेतला. त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि नंतर पैसे साठवून घेतलेली ५० ची, एवढाच माझा संसार. रविवारी आमच्या जुन्या मारुतीत आम्ही पाच जण निघतो. मी, हे, मुलगी, पाचवीतला मुलगा आणि सासूबाई. त्यांना आम्ही सगळे जिजी म्हणतो.

आधी आम्हीही लांबच जायचो. एका मे महिन्यात महाबळेश्वर केलं. तीन दिवसांत अकरा पॉइंट, चारशेच्या वर फोटो. घरी येऊन बघितले तर प्रत्येकात आम्ही कठड्याला टेकून ओळीत उभे, मागे दरी, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर 'झालं का, निघू या' असा भाव. जिजी तर अर्ध्या फोटोंत गाडीतच बसलेल्या. आमच्या जागी दुसरं कुठलंही कुटुंब उभं केलं असतं तरी फोटो तेच आले असते. त्या उन्हाळ्यानंतर मी ठरवलं की माझी माणसं जिथली आहेत तिथेच त्यांचे फोटो काढायचे. एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं. कुठेही घाई करायची नाही.

पहिली जागा प्रताप कॉलेजचं ग्राउंड. हे कॉलेज १९४५ चं. त्याच साली इथे तेलाचा एक कारखाना सुरू झाला, त्याची पुढे विप्रो झाली. पारोळा, चोपडा, धरणगावच्या खेड्यांतून एसटीने, रेल्वेने येणाऱ्या पोरांवर हे गाव जगतं. त्यांच्या खोल्या, मेस, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपऱ्या, या सगळ्याला धरून इथला बाजार चालतो. सकाळी सहाला गेलात तर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. हिवाळ्यात सूर्य वर येताना त्यांच्या पायाखालून उडालेली धूळ उजळते. माझ्या मुलाने शटर म्हणजे काय ते तिथेच शिकलं. एक हजारांश सेकंदाला ठेवलं की धावणाऱ्याचा पाय हवेत थांबतो, तिसांशाला ठेवलं की पाय पुसट होतो आणि धावणं दिसतं. त्याला पुसट फोटो जास्त आवडला. मलाही.

एकदा त्यातल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, एक काढता का? आईला पाठवायचाय." फॉर्मवर लावायचा पासपोर्ट फोटो सोडला तर त्याच्याकडे स्वतःचा धड असा एकही फोटो नव्हता. मी त्याला कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला उभं केलं, समोर चुन्याची पांढरी भिंत होती. भिंतीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो, डोळ्यांत चमक येते. आपल्याकडच्या उन्हात हे फार कामाचं आहे, कारण खानदेशातलं दुपारचं ऊन डोक्यावरून सरळ खाली येतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे पडतात. फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, शिवाय एक चार बाय सहाची प्रिंट काढून दिली.

आता एक तक्रार सांगते. जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक ठिकाणी आम्हाला दारातच अडवलं. "मोबाईलने कितीही काढा, मोठा कॅमेरा आत नाही." आजूबाजूला पन्नास मोबाईल वर धरलेले, रील्स चालू, आणि मुलांना घेऊन आलेल्या बाईच्या गळ्यातला दहा वर्षं जुना कॅमेरा तेवढा चालत नाही. नियम लेखी दाखवा म्हटलं तर वर बोट दाखवलं. मुलं घाबरली, आम्ही परत फिरलो. ज्यांच्या हातात अशा जागा आहेत त्यांना माझी मनापासून विनंती आहे, धंद्याच्या शूटिंगला शुल्क लावा, परवानगी मागा, पण घरच्यांचे फोटो काढायला आलेल्या माणसाला चोरासारखं वागवू नका. आपली जागा कोणीतरी प्रेमाने बघतंय याचा आनंद वाटायला हवा.

साने गुरुजी अमळनेरात शिक्षक होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण छात्रालय सांभाळताना ते मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढायचे, हे मी शाळेत सांगते तेव्हा बऱ्याच पालकांना नवीन वाटतं. एका छात्रालयातली काही मुलं, आणि त्यांच्यासाठी रोजचा अंक! मी काही गुरुजींची बरोबरी करायला निघालेली नाही. पण आपल्या अवतीभवतीचं रोजचं जगणं लिहून ठेवण्याजोगं असतं हा विश्वास या गावाने शंभर वर्षांपूर्वी पाहिलाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे ९७ वं मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याआधीचं इथलं संमेलन १९५२ चं. बाहेरून आलेली माणसं त्या तीन दिवसांत तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाची संशोधन संस्था विचारत होती, बोरी नदीकाठचं सखाराम महाराजांचं मंदिर विचारत होती, मंगळग्रह मंदिराला जाऊन येत होती. आणि आपली पोरं म्हणतात बघायला काही नाही. दोष पोरांचा नाही हो. आपण कधी त्यांना बोट धरून दाखवलंच नाही.

आता जिजींबद्दल. त्यांना कॅमेरा समोर आला की पदर सावरून ताठ बसायची सवय. "मना फोटू काय काढस वं माय, मी काय नटी शे का?" असं म्हणत तोंड फिरवायच्या. दोन वर्षं मला त्यांचा एकही खरा फोटो मिळाला नव्हता. मग एका रविवारी संध्याकाळी आम्ही प्रताप मिलच्या बाजूने चाललो होतो. सासरे त्या कापडाच्या मिलमध्ये कामाला होते. मिल बंद होऊन वर्षं लोटली. जिजी चालता चालता थांबल्या, नातवाचा हात धरला आणि त्याला सांगू लागल्या, "भोंगा वाजना का मी चुल्हावर चहा ठेऊ. तुना आजा ये तवलोंग उकळी जाये." पोराने विचारलं, भोंगा कसा वाजायचा? तर जिजींनी मान वर केली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि भर रस्त्यात आवाज काढून दाखवला. पोरगा खो खो हसला, त्याही हसल्या. मी ५० ची लेन्स लावलेली होती, उजेड बाजूने येत होता, मी एकदाच बटण दाबलं. त्या फोटोत जिजींचे डोळे मिटलेले आहेत, हातातल्या बांगड्या मनगटावरून खाली घसरल्यात आणि पदर खांद्यावर आलाय. फोकस तर बांगड्यांवरच बसलाय. कुठल्याही स्पर्धेत पहिल्या फेरीतच बाद होईल. आमच्या हॉलमध्ये तोच लावलाय.

जागेवर गेल्याशिवाय आठवण निघत नाही आणि आठवण निघाल्याशिवाय चेहरा मोकळा होत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. म्हणून मी घरच्यांना 'इकडे बघा' म्हणणं बंद केलं. आता त्यांना काम देते. हिवाळ्यात माझ्या भावाच्या शेतात भरीत असतं तेव्हा तर कॅमेरा खाली ठेवावासा वाटत नाही. कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळात हिरवी वांगी भाजतात, धूर होतो, पोरं डोळे चोळत वांगी उलटतात, मग ती सोलून लाकडी बडगीत ठेचायची. धुराचा फोटो हवा असेल तर सूर्य धुरामागे घ्या आणि त्याच्याही मागे काहीतरी काळंसर असू द्या, केळीचा बाग किंवा विहिरीची भिंत. धूर मग दुधासारखा उजळतो. आणि हो, दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या, भाकरीवर भरीत वाढलं की आधी जेवून घ्या. फोटोसाठी गरम भरीत गार करणं मला पटत नाही.

आमच्याकडच्या २०१६ ते २०१८ च्या फोटोंची हार्ड डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. त्यात वैशाखातल्या यात्रेचे फोटो होते, बोरीच्या पात्रात नातवाला खांद्यावर घेऊन उभे असलेले सासरे होते. ते गेले त्याच्या आदल्या वर्षीची ती यात्रा. त्या सबंध दिवसाच्या दोन प्रिंट मी कशासाठी तरी काढल्या होत्या, तेवढ्याच उरल्या. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी चोवीस फोटो निवडून प्रिंट काढते. मोबाईलमध्ये वीस हजार फोटो असलेल्या माझ्या सगळ्या मैत्रिणींना सांगते, चोवीस तरी काढा. निवडायला बसलात की अर्धं घर भोवती गोळा होतं, आमच्याकडे तर ती संध्याकाळच सहलीसारखी असते.

कोणी म्हणेल, तेच ते गाव, दर रविवारी नवीन काय मिळणार? त्यांनी एकदा चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघून यावं. स्टेशनजवळच आहे. या माणसाने आयुष्यातली कितीतरी दशकं जवळपास त्या घरातच काढली आणि टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असे फोटो केले की बघणाऱ्याला खरा निसर्गच वाटावा. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. माझी मुलगी एका फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे सगळं एका खोलीत?" परतताना गाडीत ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी गव्हाचं पीठ चाळत होते तर कॅमेरा घेऊन आली, खिडकी अर्धी लावून घेतली आणि म्हणाली, "आई, तू चाळत राहा."

जूनमध्ये ती जाईल. जावंच तिने, शिकावं, मोठं व्हावं, मी अडवणार नाही. होस्टेलच्या कपाटाच्या दारावर लावायला तिने स्वतः बारा फोटो निवडलेत. त्यात ग्राउंडवरची धूळ आहे, भरिताचा धूर आहे, पीठ चाळणारे माझे हात आहेत. महाबळेश्वरचा एकही नाही, हे मी मुद्दाम मोजून पाहिलं. मैत्रिणीलाही तिने ते दाखवले. ती म्हणाली, "काकू, पुढच्या रविवारी मी येऊ का?"

ये ग बाई. पुढच्या रविवारी एरंडोलजवळ पद्मालयला जातोय. तळ्यातली कमळं सकाळच्या उजेडात बघायचीत, म्हणून पहाटे पाचला निघायचं. तिच्यासारखं आणखी कोणाला यायचं असेल तर जरूर या. मोबाईल असला तरी चालेल.

आणि जुन्या अमळनेरकरांना एक विचारायचं आहे. प्रताप मिलचा, तिथल्या कामगारांचा, सुट्टी झाल्यावर फाटकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीचा जुना फोटो कोणाच्या घरी असेल तर कृपा करून मला कळवा. मी तुमच्या घरी येऊन, अल्बममधून बाहेरही न काढता, त्याचा फोटो घेईन. सासऱ्यांचा मिलमधला एकही फोटो आमच्याकडे नाही. गर्दीत कुठे दिसले तर जिजी ओळखतील.