१४ व्या दिवसाचा तो मेसेज, जरा थांबा

व्हॉट्सॲपवर परत तो मेसेज फिरतोय, की दिवस राहायला हवे असतील तर पाळीच्या १४ व्या दिवशीच संबंध ठेवायचे, त्याआधी १० दिवस नवऱ्याने वीर्य "साठवून" ठेवायचं आणि नंतर अर्धा तास पाय भिंतीला लावून झोपायचं. अहो, असं नसतं.

१४ वा दिवस फक्त २८ दिवसांची सायकल (एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतचे दिवस) असेल तर, तोही अंदाजेच. ओव्ह्युलेशन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणं, साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी होतं, म्हणजे ज्यांची सायकल ३२ दिवसांची आहे त्यांचं १८ व्या दिवसाच्या आसपास, आणि या बिचाऱ्या १४ वा दिवस धरून बसल्यात. स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं पण शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, म्हणून ओव्ह्युलेशनच्या आधीचे ५ दिवस आणि तो दिवस असे ६ दिवस कामाचे, त्यात दिवसाआड संबंध आले तरी पुरे. साठवून काही फायदा नाही, उलट जास्त दिवस गेले की शुक्राणूंची हालचाल मंदावते. पाय वर केल्याने पण काही होत नाही, शुक्राणू काही मिनिटांतच पुढे गेलेले असतात.

आणि मेसेजमध्ये सिगारेटचा उल्लेखच नाही, कमाल आहे! दोघांनीही सोडायची. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे आज सोडली तर फरक तेव्हा दिसेल. बायकोने फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहण्याच्या आधीपासूनच. वर्षभर प्रयत्न करून दिवस नाही राहिले तर डॉक्टर, बायकोने पस्तिशी ओलांडली असेल तर ६ महिन्यांतच.