ब्रेक आधी सुटतो

‘दारू माणसाचा खरा स्वभाव बाहेर काढते’ हे दारूवरच्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या देवगडकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, खलाशी रिकामे, संध्याकाळी गुत्त्यावर गर्दी. आमचा एक शेजारी एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. चार पेग पोटात गेले की ‘हसलंस कित्याक माका?’ म्हणत अंगावर येतो. समोरचा भलत्याच गोष्टीला हसलेला असतो!

हा स्वभाव कसला? दारू मेंदूत ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते, ग्लुटामेट या चेतवणाऱ्या रसायनाचा दाबते. कपाळामागचा ‘थांब, उद्याचं बघ’ सांगणारा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ढिला पडतो आणि समोरच्याचा चेहरा नीट वाचता येत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या डेन्सन या संशोधकांनी ५० तरुणांवर एमआरआय प्रयोग केला. दोन पेग वोडकानंतर चिडून वागताना याच भागाचं काम मंदावलेलं दिसलं. दोनच पेग हं!

अर्थात त्याच गुत्त्यावरचे बाकीचे पिऊन नुसते भजनं म्हणतात किंवा घोरतात. म्हणजे मुळात ज्याचा ब्रेक कमजोर, त्याचाच आधी सुटतो, असं मला वाटतं. आमचा शेजारी सकाळी खाली मान घालून पेजेला बसतो. रात्रीचं त्याला अर्धंच आठवतं, बायकोला मात्र सगळं.