सरकारी नोकरी, समाधान आणि घरपट्टीचा तक्ता

गोव्यात सरकारी नोकरीची चर्चा रंगते ती नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत. कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, कोकणीची अट, कुठल्या मतदारसंघातले किती लागले आणि कोणी कोणाच्या हातावर किती टेकवले. २०२४ च्या अखेरीस ‘पैसे घेऊन नोकरी’च्या प्रकरणांत अटका झाल्या, तेव्हा तर वर्तमानपत्रांना दुसरा विषयच नव्हता. एकदा माणूस लागला की त्याची आठवण पुन्हा निघते ती वेतन आयोगाच्या वेळी, नाहीतर पेडण्याहून काणकोणला बदली झाली म्हणून. मधली तीसेक वर्षं तो टेबलामागे नेमकं काय करतो आणि त्यात त्याचं मन लागतं का, यावर अग्रलेख येत नाही.

जर्मनीच्या उत्तर टोकाला, श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात बसून हे वाचताना गंमत वाटते, कारण इथलं दुखणं बरोबर उलटं आहे. इथे सरकारी जागा भरायला माणसं मिळत नाहीत. शाश्वती म्हणाल तर गोव्याइतकीच: ‘बेआम्टे’ म्हणून कायम झालेल्या अधिकाऱ्याची नेमणूक जन्मभराची, पेन्शन ठरलेली. त्या बदल्यात या राज्यात आठवड्याला ४१ तास काम, आणि संपाचा हक्क नाही. ती संपबंदी देशाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरली. तरी शिकलेली पोरं खासगीकडे वळतात. तेव्हा शाश्वतीपायी माणूस नोकरीत येतो की नाही, हे भोवतालच्या बाजारावर ठरतं. आल्यावर तो रमतो का, हा हिशेबच वेगळा.

हा वेगळा हिशेब फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडला. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांना आणि लेखापालांना त्याने विचारलं, की कामावर फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. पगार, शाश्वती, वरिष्ठांची वागणूक, कार्यालयाचे नियम या गोष्टी बिघडल्या की माणूस वैतागतो. पण त्या सुधारल्या म्हणून तो खूश होतोच असं नाही, फक्त कुरकुर थांबते. खरं समाधान हाती काहीतरी घडल्याचं, ते कोणी ओळखल्याचं आणि जबाबदारी मिळाल्याचं. या मांडणीवर आक्षेपही आहेत. चांगलं झालं तर श्रेय स्वतःला आणि वाईट झालं तर दोष साहेबाला, हा मनुष्यस्वभाव त्या उत्तरांत उतरला असणार. तरीही गोव्याच्या सचिवालयाला ती चपखल बसते. दहा, वीस आणि तीस वर्षांनी एमएसीपीची (बढती न मिळालेल्यांसाठीच्या योजनेची) वाढ मिळते ती व्यवहारात माणूस काम करो वा न करो, म्हणजे कुरकुर थांबवायची सोय पुरेपूर आहे. दुसऱ्या, म्हणजे समाधानाच्या यादीतलं जवळपास काहीच नाही.

माझं म्हणणं असं की ही दुसरी यादी भरायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कर्मचाऱ्याच्या संगणकातून जातो. ज्या अवजाराने तो दिवसाचे आठ तास काम करतो, ते दुरुस्त करायचा हक्क त्याला द्यावा. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा (ज्याचा मूळ कोड कोणालाही बघता आणि बदलता येतो) सरकारला होणारा हा फायदा ‘लायसन्सचे पैसे वाचतात’ या गजरात कायम बुडून जातो.

एप्रिल २०२४ मध्ये श्लेस्विग-होल्स्टाइनच्या मंत्रिमंडळाने सुमारे ३०,००० संगणकांवर मायक्रोसॉफ्ट ऑफिसऐवजी लिबरऑफिस हा मुक्त स्रोत संच आणायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४०,००० हून अधिक मेलपेट्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवरून ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्ड या मुक्त स्रोत मेल प्रणालींवर हलवून झाल्या. ही बातमी गोव्याच्या व्हॉट्सॲप गटांत ‘बघा, जर्मनीने करून दाखवलं’ अशा मथळ्याने फिरते. त्यात हे येत नाही की मेल हलवताना कर्मचाऱ्यांच्या तक्रारी जाहीरपणे आल्या, आणि प्रशिक्षणाचे व स्थलांतराचे पैसे आधी मोजावे लागले. फुकट असतं ते फक्त लायसन्स.

आता एक पंचायत घ्या. गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि घरपट्टीची मागणीपत्रं हे प्रत्येकीचं काम. कारकुनाकडे मालकाचं नाव, घर क्रमांक, थकबाकी असा तक्ता असतो. त्यावरून पत्रं काढायला लिबरऑफिसमध्ये ‘फाइल’मधल्या ‘विझार्ड्स’मधून ‘ॲड्रेस डेटा सोर्स’ निवडून तक्ता जोडायचा, राइटरमध्ये (लिबरऑफिसच्या पत्रलेखनाच्या भागात) कंट्रोल, शिफ्ट आणि एफ४ दाबून तो वर उघडायचा आणि रकान्यांची शीर्षकं ओढून पत्रात टाकायची. छापायला गेलं की तो विचारतो, हे पत्र सगळ्यांसाठी छापू का. दुपारभराचं काम.

बिघडतं ते घर क्रमांकाशी. १२/३ हा क्रमांक टाइप केला की तक्ता त्याला १२ मार्च समजतो. ३१/१२ चा होतो ३१ डिसेंबर, पण ३२/१२ जसाच्या तसा राहतो, कारण ३२ तारीख नसते. म्हणून चूक सगळीकडे दिसत नाही; शंभरातल्या पाचपंचवीस घरांनाच बाधते आणि मागणीपत्र छापून वाड्यावर गेल्यावर कळते. मग कारकून रकान्याचं स्वरूप ‘मजकूर’ करतो, तर १२/३ परत येण्याऐवजी तिथे, २०२५ मध्ये टाइप केलेलं असेल तर, ४५७२८ असा आकडा उगवतो: १८९९ च्या डिसेंबराच्या ३० तारखेपासून १२ मार्च २०२५ पर्यंतचे दिवस. यावर उपाय दोन. टाइप करण्याआधीच रकाना ‘मजकूर’ करून ठेवावा, आणि सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) उघडत असाल तर आयातीच्या खिडकीत त्या रकान्याला ‘टेक्स्ट’ म्हणावं. खेळ आधीच झाला असेल तर शेजारच्या रकान्यात =DAY(A2)&"/"&MONTH(A2) हे सूत्र घालून क्रमांक परत काढावा. भूमापनाच्या पोटहिश्श्यांचंही हेच होतं.

दुसरी पीडा मराठीची. श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधलं ग्रामसभेचं इतिवृत्त युनिकोडमध्ये आणलं की ‘भरणाऱ्या’चं ‘भरणार्‍या’ किंवा थेट ‘भरणार्या’ होतं. सरसकट र्य बदलून ऱ्य करायला जावं तर ‘कार्यालय’ आणि ‘पर्याय’ यांचाही बळी जातो. म्हणून शोध-बदल करताना ‘णार्या’, ‘कर्मचार्या’, ‘सर्या’ असे शब्दांचे तुकडे एकेक करून बदलावे लागतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरपी रेघ दाबली की ऱ्य नीट उमटतो. हे पंधरा मिनिटांत शिकवता येतं आणि बहुतेक ठिकाणी कोणी शिकवलेलं नसतं. शिवाय लिबरऑफिस देवनागरीचा आकार रोमन अक्षरांपासून वेगळा ठेवतं. भाषांच्या सेटिंगमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’वर खूण नसेल, तर शैलीत अक्षर १४ करूनही मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. ‘हे सॉफ्टवेअर मराठीला चालत नाही’ असा शेरा मारून फाइल बंद होते ती इथेच.

हे सारं ज्याला ठाऊक असतं तो कोण? अभियंता सहसा नाही. तो एखादा निम्नश्रेणी कारकून, नाहीतर पंचायतीचा सेक्रेटरी. कंत्राटदाराने बनवलेल्या, स्रोत बंद असलेल्या पोर्टलमध्ये त्याच्या या ज्ञानाला किंमत नसते. तो चूक कळवतो, कंत्राटदार म्हणतो हे देखभालीत येत नाही, बदलाचं वेगळं दरपत्रक द्यावं लागेल. ते खात्याकडे जातं आणि तिथेच बसतं. असं दोनतीनदा झालं की माणूस कळवणं सोडतो. आळशी सरकारी नोकर म्हणून आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, तो पुष्कळदा इथे तयार होतो.

मुक्त स्रोताच्या प्रकल्पात तीच चूक जगापुढे मांडता येते. त्याची रीत ठरलेली आहे: ‘अबाउट’मधून आवृत्तीचा क्रमांक घ्या, चूक कशी घडते त्या पायऱ्या लिहा, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते सांगा, छोटी नमुना फाइल जोडा. फाइलमध्ये खऱ्या माणसांची नावं आणि पत्ते कधीही नकोत. बनावट नावं घाला. मराठीच्या शुद्धलेखन कोशात ‘कोमुनिदाद’, ‘मुंडकार’, ‘कुळागर’ हे गोव्यातले शब्द लाल रेघेखाली येत असतील तर त्यांची यादी बनवून शेजारच्या पंचायतीला देता येते, नीट तपासून मूळ कोशालाही सुचवता येते. लिबरऑफिसची मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते. आपण कळवलेली दुरुस्ती तिच्यात उतरलेली पाहणं हा आनंद पगाराच्या पावतीवर कुठल्याच रकान्यात मावत नाही.

आता नियमांचं काय, हा प्रश्न बरोबर आहे. गोवा सरकारचे कर्मचारी १९६४ च्या केंद्रीय सेवावर्तणूक नियमांखाली येतात. त्यातला १५ वा नियम परवानगीशिवाय धंदा किंवा दुसरी नोकरी करू देत नाही. मात्र कामात अडथळा येणार नसेल तर प्रसंगोपात्त साहित्यिक, कलात्मक वा वैज्ञानिक काम करायला मोकळीक ठेवतो. घरी बसून अनुवाद करणं, चुका कळवणं यात बसवता येईल असं माझं मत आहे, पण खातेप्रमुखाला एक पत्र देऊन ठेवलेलं बरं. कार्यालयीन वेळेत लिहिलेल्या कामाचा मामला निराळा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे सरकारी कामाचा पहिला मालक सरकार, आणि तो हक्क ६० वर्षं टिकतो. कारकुनाने बनवलेला तक्ता किंवा स्क्रिप्ट त्याला स्वतःच्या मर्जीने मुक्त परवान्याखाली टाकता येणार नाही. खात्याचा आदेश हवा. तो एका पानाचा पुरे: कुठलं काम, कुठला परवाना, मंजुरी कोणाची, आणि नागरिकांची माहिती त्यात नाही याची खात्री कोणी केली.

केंद्राने २०१५ मध्येच मुक्त स्रोताला पसंती देणारं धोरण आणलं. निविदा भरणाऱ्याने मुक्त पर्यायाचा विचार करावा, तो वगळला तर कारण द्यावं, असं त्यात आहे. राज्यांवर मात्र सक्ती नाही. ज्याला हवं त्याने स्वीकारावं. त्याच वर्षी सरकारी प्रणालींचा स्रोत खुला करण्याचंही धोरण आलं. स्वित्झर्लंडने याच मुद्द्यावर कायदाच केला: १ जानेवारी २०२४ पासून संघीय कार्यालयांनी बनवलेल्या वा बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा स्रोत खुला करणं बंधनकारक आहे, सुरक्षेचं किंवा तिसऱ्याच्या हक्काचं कारण नसेल तर. धोरण आणि कायदा यांतला फरक कारकुनाला लगेच कळतो. नुसतं ऐच्छिक धोरण असेल तर राज्यातल्या साहेबाला नाही म्हणायला कारण लागत नाही.

परदेशाचं कौतुक इथेच थांबवून म्युनिक बघावं. त्या शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त स्रोत प्रणालीकडे जायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक हलवले, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेने पुन्हा विंडोजकडे वळायचा ठराव केला. लिनक्स वाईट होतं म्हणून झालं, एवढंच म्हणणं आळशीपणाचं. कामं अनेक वेगवेगळ्या आयटी विभागांत विखुरलेली होती, बाहेरच्या कार्यालयांच्या फाइली नीट उघडत नव्हत्या, महापौर बदलले. पण त्याच काळात तिथल्या लोकांनी पत्रांच्या हजारो नमुन्यांना आवर घालायला ‘वोलमक्स’ हे स्वतःचं साधन लिहिलं आणि २००८ मध्ये खुलं केलं. प्रकल्प मोडला तरी शिकलेली माणसं तिथेच राहिली, आणि आज त्याच शहराचा मुक्त स्रोतासाठी वेगळा कक्ष आहे.

गोव्याला हे नवं नाही. २००० च्या आसपास परदेशातल्या आणि गावातल्या गोमंतकीयांनी मिळून शाळांना वापरलेले संगणक पुरवले, त्यांवर लिनक्स चालवलं. आता विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. कार्यालयांतली बरीच जुनी यंत्रं विंडोज ११ घेणार नाहीत, त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि नवीन प्रोसेसर लागतो. निर्णय तसाही घ्यावाच लागणार.

सुरुवात वित्त खात्यापासून मुळीच करू नये. तिथल्या एक्सेलमधले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लिबरऑफिसमध्ये निम्मेशिम्मेच चालतात, आणि पहिल्याच महिन्यात पगारबिल अडकलं की सगळी योजना बदनाम होते. एका गटविकास कार्यालयाखालच्या चारपाच पंचायती घ्याव्यात, मार्चअखेरची वसुली आटोपल्यावर. जुना संच तीन महिने शेजारी तसाच ठेवावा. प्रत्येक ठिकाणी दोघांना तयार करावं, कारण एकाची बदली होणार हे धरूनच चालायचं. त्या दोघांना पंधरवड्यातून अर्धा दिवस लेखी द्यावा. तोंडी दिलेला वेळ विधानसभेचा प्रश्न आला की पहिला जातो. आणि कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापन अहवालात त्या कामाचा उल्लेख नावानिशी व्हावा. सगळ्यात जास्त विरोध या शेवटच्या वाक्यालाच होईल. वरिष्ठांनी दुरुस्त न केलेली गोष्ट कनिष्ठाने दुरुस्त केली, हे कागदावर यावं असं आपल्याकडे फारशा कोणाला वाटत नाही. जर्मनीतही फार वेगळं आहे अशातला भाग नाही, पण इथे वरिष्ठाचा आदेश कायद्यात बसत नाही असं वाटलं तर हरकत घेणं हे अधिकाऱ्याचं कायद्याने सांगितलेलं कर्तव्य आहे, त्यामुळे कनिष्ठाची हरकत ऐकून घ्यायची साहेबांना थोडी तरी सवय असते.