एमआरआय केला की बायोप्सी नको? त्या मेसेजचं जरा बघू

दोन महिन्यांत हा मेसेज मला चार जणांनी पाठवलाय. शेवटचे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी: 'मॅडम, खरंय का हो हे?' मजकूर थोडक्यात असा: 'प्रोस्टेटची बायोप्सी अजिबात करू नका. सुईनं कॅन्सर पसरतो. आता एमआरआयवर सगळं दिसतं. रिपोर्ट नॉर्मल आला की निर्धास्त राहा. डॉक्टर सुई टोचतात ती बिलासाठी. टोचून झाली असेल तर नंतर एमआरआय करून खात्री करून घ्या.'

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच एमआरआय वाचते. माझ्याच मशीनची एवढी आरती ओवाळलेली बघून खरं तर खूश व्हायला हवं होतं.

'एमआरआयवर सगळं दिसतं.' मला काय दिसतं ते सांगते. निरोगी प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) मागचा, बाहेरचा भाग एका प्रकारच्या चित्रात उजळ दिसतो. तिथे कॅन्सर असेल तर धुतलेल्या सदऱ्यावर शाईचं बोट पुसावं तसा काळपट डाग असतो. दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तीच जागा उलट चमकते. दोन्ही ताडून मी 1 ते 5 गुण देते. हे गुण संशयाचे असतात, निदानाचे नाही. जुनी सूज, क्षयरोग, मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आत सोडलेलं बीसीजीचं औषध, यांनीही हुबेहूब तसाच डाग पडतो. मी छातीठोकपणे 5 दिले आणि पॅथॉलॉजीतून 'कॅन्सर नाही, ग्रॅन्युलोमा', म्हणजे सुजेची गाठ, असं उत्तर आलं, हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

ब्रिटनमधल्या 11 रुग्णालयांतला 'प्रॉमिस' नावाचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. 576 पुरुषांचा आधी एमआरआय झाला. मग प्रत्येकाची नेहमीची सोनोग्राफीवरची बायोप्सी झाली, आणि शिवाय भूल देऊन दर 5 मिलिमीटरवर सुई घालून अख्खी ग्रंथी तपासली गेली. उपचार करावेच लागतील असे कॅन्सर एमआरआयनं 100 पैकी 93 पकडले, नेहमीच्या बायोप्सीनं 48. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा इथपर्यंतच वाचलं असावं. त्याच अभ्यासात, ज्यांना असा कॅन्सर नव्हता त्यांच्यातल्या 100 पैकी फक्त 41 जणांना एमआरआयनं 'काही नाही' म्हटलं. उरलेल्या 59 जणांवर उगाच संशय आला. तो फेडायचा कसा? नुसता फोटो बघून कोणी प्रोस्टेट काढायला घेत नाही. गाठ किती आक्रमक आहे हे ठरवणारा ग्लीसन स्कोअर मायक्रोस्कोपखालीच कळतो, आणि त्यासाठी तुकडा लागतो.

तुकडा म्हणजे तरी केवढा? शेवईच्या काडीएवढा. स्प्रिंगच्या यंत्रातून सुई सुटते तेव्हा 'खट्' असा मोठा आवाज होतो. पेशंट दचकतो तो दुखण्यापेक्षा त्या आवाजानं, म्हणून आधी एकदा हवेतच वाजवून दाखवतात. एमआरआय नसताना असे 10-12 तुकडे ठरलेल्या जागांहून घेतात, आणि गाठ दोन सुयांच्या मधे राहून जाऊ शकते. एमआरआय असला की युरोलॉजिस्टला नेम धरता येतो. बहुतेक वेळा सुई एमआरआयच्या बोगद्यात घालत नाहीत. माझ्या चित्रातला डाग सोनोग्राफीच्या पडद्यावर सॉफ्टवेअरनं बसवतात, नाहीतर डॉक्टर चित्र डोळ्यांपुढे ठेवून अंदाजानं तिथे पोचतात.

2018 च्या 'प्रिसिजन' अभ्यासात 11 देशांतले 500 पुरुष होते. नेम धरलेल्या गटात महत्त्वाचे कॅन्सर 38 टक्के जणांत सापडले, जुन्या पद्धतीच्या गटात 26 टक्के जणांत. ज्यांना कधी त्रासच झाला नसता असे निरुपद्रवी कॅन्सर मात्र 22 ऐवजी 9 टक्क्यांतच निघाले. आणि एमआरआय गटातल्या 28 टक्के जणांना सुई लागलीच नाही. मेसेजमधलं खरं म्हणाल तर एवढंच: चौघांतल्या एकाची सुई टळते. बिलासाठीच टोचायचं असतं तर आधी एमआरआय सांगून गिऱ्हाईक कशाला घालवलं असतं?

सुईनं कॅन्सर पसरतो, ही भीती जुनी आहे. प्रोस्टेटच्या बाबतीत सुईच्या वाटेवर गाठ उगवणं इतकं विरळा आहे की डॉक्टर तसा एखादा पेशंट दिसला तर त्यावर लेख लिहितात. खरी भीती जंतुसंसर्गाची, आणि तिच्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. गुदद्वारातून सुई घातली की ती आतड्यातून जाते. म्हणून आता बरेच जण अंडकोश आणि गुदद्वार यांच्यामधल्या कातडीतून घालतात. लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसू शकतं. ते बघूनच 'पसरला' असं वाटत असावं.

'नॉर्मल आला की निर्धास्त.' 'प्रॉमिस'मध्ये एमआरआय स्वच्छ असलेल्या 100 पैकी सुमारे 11 जणांत महत्त्वाचा कॅन्सर निघाला होता. म्हणून स्वच्छ रिपोर्टसोबत आम्ही ग्रंथीचा आकारही लिहितो. रक्ततपासणीत मोजतात त्या पीएसएला (प्रोस्टेटच्या प्रथिनाला) या आकारानं भागायचं: पीएसए 6 आणि ग्रंथी 80 मिलिलिटर, तर भागाकार 0.075 येतो आणि बहुधा थांबता येतं. तोच 6, पण ग्रंथी 30 ची, तर 0.2. साधारण 0.15 च्या वर गेलं, किंवा वडिलांना-भावाला हा कॅन्सर झालेला असेल, तर चित्र स्वच्छ असूनही बायोप्सीचा विषय निघतो.

राहिलं शेवटचं वाक्य, आधी सुई आणि मग एमआरआय. नेमका उलटा क्रम. सुईच्या जखमेतलं रक्त ग्रंथीत कित्येक आठवडे साकळून राहतं आणि माझ्या चित्रात डाग पाडतं किंवा खरा डाग झाकतं. मागे एक आजोबा बायोप्सीनंतर तीनच आठवड्यांनी, रिकाम्या पोटी, मुलासोबत पहाटेची एसटी पकडून आले होते. हातात हाच मेसेज. पाच चित्रांतच रक्त दिसलं. त्यांना म्हटलं, आजोबा, आज चहा घ्या, दीड महिन्यानं या.