पाच वेळा वाचलं म्हणजे झालं?

बहिणीचा मुलगा यंदा दहावीला आहे. दिंडोरीहून आमच्याकडे पंचवटीत शिकायला आलाय. परवा भूमितीचं पुस्तक मिटून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, हे वाच. उगाच मागे लागतेस."

व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज. हुशारी जन्मजात असते, आइन्स्टाइनसुद्धा गणितात नापास झाला होता. आदल्या रात्री धडा पाच वेळा वाचला की पुरे, लिहून बघण्यात नुसता वेळ जातो. आणि पेपरात जुनेच प्रश्न येतात. खाली 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'. पोचला बाबा!

आइन्स्टाइनचं एकदाचं संपवते. 1895 साली झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा तो नापास झाला, हे खरं. पण अडला तो इतर विषयांत, गणितात नव्हे. पुढच्याच वर्षी आराऊच्या शाळेतून बाहेर पडताना गणितात त्याला 6 पैकी 6 होते.

माझं डोकं फिरलं ते त्या 'पाच वेळा वाचा'वर. मी म्हटलं, "पायथागोरसचं प्रमेय वाचलंयस ना? मग सिद्ध करून दाखव." पुस्तकातलं ते पान पिवळ्या मार्करने नुसतं माखलेलं. साहेबांनी त्रिकोण काढला, काटकोनातून कर्णावर लंब टाकला आणि पेन थांबलं. समरूप त्रिकोण कोणते, तेच आठवेना. "पण वाचताना सगळं कळत होतं गं!"

कळतंच. फसगत तिथेच होते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 56. म्हणजे मेसेज अगदीच खोटा नाही. पाच मिनिटांपुरता खरा आहे.

आणि आदल्या रात्रीचं म्हणाल, तर या पोराच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, त्यानंतर फुटणाऱ्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे पुढे कोंब फुटतो त्या जागी, घड तयार होतो. ती वेळ चुकवून फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीला कितीही खत ओता, घड येणार कुठून? हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी मेसेज मलाच दाखवतो!

जुन्या पेपरांचं मात्र मान्य, नाइलाजाने. ते सोडवावेतच. पण घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर. शेजारी गाइड उघडं ठेवून नाही.

रविवारी तेच प्रमेय चौथ्यांदा लिहायला बसवला. तोंड वाकडं करून का होईना, शेवटच्या ओळीपर्यंत पोचला. काटकोनाची खूण तेवढी राहिली होती.